ताकाला जाऊन भांडं लपवू नका: केनियातल्या अंध कारागिरांच्या ट्रेनिंगसाठी पैसे कसे उभे करायचे

पहिल्या वर्षी आम्ही टोपल्या विकून सेंटर चालवायला निघालो होतो. मी नैरोबीत राहते, मचाकोसच्या बाजूला एक छोटं ट्रेनिंग सेंटर आहे तिथं दिसत नाही अशा बायका-पुरुषांना सिसलच्या, म्हणजे घायपाताच्या दोराच्या, टोपल्या विणायला, मशीनवर स्वेटर करायला आणि थोडंफार चामड्याचं काम शिकवतात, आणि गेली काही वर्षं त्यांच्यासाठी पैसे मागायचं काम माझ्या गळ्यात आहे. तर तेव्हा आम्ही दर रविवारी चर्चबाहेर टेबल मांडायचो, लोक यायचे, अरेरे दिसत नाही तरी किती सुबक म्हणायचे, एक टोपली घ्यायचे, आणि पुढच्या रविवारी तीच माणसं टेबलाला वळसा घालून जायची, कारण एका घरात टोपल्या लागतात तरी किती! वर्षअखेरीला हिशेबाला बसलो तर सिसल, रंग, चामड्याचे पट्टे आणि विणणाऱ्याची मजुरी वजा जाता जे उरलं त्यात एका माणसाचंसुद्धा शिक्षण झालं नसतं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात ते हेच.

म्हणून कुठलंही पोस्टर छापायच्या आधी विक्रीचा पैसा आणि वर्गणीचा पैसा वेगळा करा. टोपली विकून येतो तो विणणाऱ्याचा. शिकवायला लागतो तो लोकांकडे उघड मागायचा. दोन्ही एकत्र केले की दोन्हीकडून मार बसतो, गिऱ्हाईक म्हणतं टोपली महाग आहे, यात दान घुसडलंय, आणि दान देणारा म्हणतो तुम्ही तर माल विकताय, मग मागता कशाला. ताकाला गेलोय तर भांडं पुढे करायचं, त्यात लाजायचं काय.

किती मागायचं यावर बऱ्याच जणांचं घोडं अडतं. एका शिकणाऱ्याचा पूर्ण खर्च काढा, आणि पूर्ण म्हणजे खरंच पूर्ण. लोक काय करतात, ट्रेनरचा पगार, जेवण, सिसल एवढं लिहून वही बंद करतात. पण नवीन माणूस येतो तेव्हा त्याला आधी पांढरी काठी घेऊन एकट्यानं चालायला शिकवावं लागतं, ते दिवस वेगळे आणि ते शिकवणारा वेगळा. सुरुवातीला घरून येताना कुणीतरी सोबत लागतंच, म्हणजे मटाटूचं (इथली शेअर मिनीबस) भाडं दोघांचं, शिवाय सोबत येणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. पहिले दोन महिने जे विणलं जातं ते विकण्यासारखं नसतं, तेवढा माल वाया गेला असंच धरायचं. आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं ते म्हणजे कोर्स संपल्यावर हातात द्यायची अवजारं. नऊ महिने मशीनवर स्वेटर शिकलेली बाई गावी गेली आणि घरी मशीनच नाही, असं आमच्याकडे झालंय, एकदा नाही, आणि त्या बायका पुन्हा होत्या तिथंच येऊन बसल्या. आता आम्ही अवजारांचे पैसे जमल्याशिवाय त्या जागेवर प्रवेशच देत नाही, कितीही वाईट वाटलं तरी.

समजा हे सगळं धरून माणशी १,२०,००० शिलिंग आले (आकडा नुसता उदाहरणाला घेतलाय, तुमचा तुम्ही काढा). १,२०,००० ऐकलं की समोरचा हात आखडता घेतो. तेच १२० जणांना प्रत्येकी १,००० मागितले की जमतं, त्याहून बरं म्हणजे तुकडे पाडून मागायचं, इतक्यात एक काठी, इतक्यात एका महिन्याचं सिसल, इतक्यात दोघांचं मटाटू भाडं. ही भाड्याची ओळ मी सहज म्हणून टाकली होती, निघालं असं की सगळ्यात पटकन तीच भरते, कारण मटाटूचं भाडं काय असतं ते इथल्या प्रत्येकाला खिशातून माहीत आहे.

पैसे मागायला बाहेर पडायच्या आधी एक अख्खा दिवस सेंटरमध्ये जाऊन बसा, नाहीतर सगळं उंटावरून शेळ्या हाकणं होतं. आमच्या मुख्य ट्रेनरला सगळे मामा म्हणतात, आपला मामा नव्हे, इथे मामा म्हणजे आई. त्यांनाही दिसत नाही. टोपलीची, म्हणजे इथल्या कियोंडोची, सुरुवात बुडापासून होते, उभे दोर मध्यात एकमेकांवर टाकायचे आणि त्यांच्याभोवती आडवा दोर गुंफत गोल गोल बाहेर जायचं. मामा शिकणाऱ्याच्या हातातलं बूड घेतात, अंगठा मधून कडेकडे फिरवतात, कुठेतरी थांबतात, हपाना म्हणतात, म्हणजे नाही, आणि सरळ तीन फेऱ्या उसवून परत देतात. एक उभा दोर सुटला होता. मी डोळे फाडून बघत होते तरी मला तो दिसला नव्हता. आणि रंगाचं कसं करतात ते विचारलं तर हसल्या, सिसलच्या जुड्यांना गाठी असतात, एक गाठ काळी, दोन गाठी तपकिरी, बिनगाठीची पांढरी, घरी जायच्या आधी कुणा डोळस माणसाकडून एकदा लावून घ्यायच्या की झालं.

हा प्रसंग मी आजवर कितीतरी वेळा सांगितलाय आणि कुठल्याही रडक्या गोष्टीपेक्षा याच्यावर जास्त पैसे आलेत. माझं यावर ठाम मत आहे, दया दाखवून मागितलेले पैसे एकदाच येतात. काम दाखवून मागितले की माणूस पुढच्या वर्षी स्वतःहून विचारतो, त्या तीन फेऱ्या उसवणाऱ्या बाई कशा आहेत. त्यामुळे माहितीपत्रकात अंधारात चाचपडणारं आयुष्य, काळोख, दुर्दैव वगैरे शब्द दिसले की मी खोडते. डोळ्यांवर पट्टी बांधून जेवायचे किंवा चालायचे कार्यक्रम असतात तेही मला पटत नाहीत, लोक दहा मिनिटं घाबरतात, पट्टी काढतात, बरं झालं बाबा आपल्याला दिसतं म्हणतात आणि घरी जातात, वर्षानुवर्षं सराव केलेल्या माणसाचं कसब त्यात कुठेच कळत नाही. त्यापेक्षा मामांना स्टॉलवर बसवा आणि येणाऱ्याला डोळे उघडे ठेवूनच दोन फेऱ्या गुंफायला सांगा. पाच मिनिटांत घाम फुटतो, किंमत कमी करा म्हणायचं धाडस होत नाही.

धावायचा कार्यक्रम करणार असाल तर केनियात अंध धावपटू हेन्री वान्योइकेचं नाव घेतलं की ओळख करून द्यावी लागत नाही. १९९५ मध्ये त्याची दृष्टी गेली, २००० च्या सिडनी पॅरालिंपिकमध्ये ५,००० मीटरला सोनं, आणि त्या रेसमध्ये मलेरियातून उठलेला, सोबत धावणारा डोळस गाइड शेवटी इतका गळाला की यानंच त्याला ओढत नेलं. दोरीनं हात बांधून अंध आणि डोळस जोडीनं धावायचं, जोडीमागे नोंदणी फी घ्यायची, हे चालतं. फक्त जोड्यांचा आदल्या आठवड्यात सराव घ्या, आम्ही नाही घेतला तर दोन जोड्या पहिल्याच वळणावर पडल्या.

फोटोबद्दल थोडं कडक राहा. केनियात २०१९ चा डेटा प्रोटेक्शन अॅक्ट आहे, फोटो आणि गोष्ट वापरायला परवानगी लागते, पण कायदा नसता तरी विचार करा, ज्या माणसाला स्वतःचा फोटो बघता येत नाही त्याचा फोटो तुम्ही सगळीकडे लावणार आहात. कागद वाचून दाखवायचा, फोटोत काय आहे ते सांगायचं, तुझा शर्ट फाटलेला दिसतोय, चालेल का, हे सुद्धा, आणि हो म्हणाल्याचं रेकॉर्डिंग ठेवायचं. एकानं मला सांगितलं होतं, शर्ट बदलून येतो मग काढ. तोच फोटो आमच्या बॅनरवर आहे.

एक प्रश्न हमखास येतो, यांचं ऑपरेशनच का नाही करत? प्रश्न योग्य आहे, वैतागू नका. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनच करायला हवं, म्हणून प्रवेशाआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडून तपासणी ही आमची अट आहे. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. खुपऱ्या, म्हणजे ट्रॅकोमा, तुर्काना, नारोक अशा भागांत बऱ्याच जणांना झालेला असतो, त्यात पापण्यांचे केस आत वळून बुबुळ घासत राहतात आणि त्यावर वण पडतात, वेळेवर पापणीची शस्त्रक्रिया झाली तर पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून येणं अवघड. हे एवढं समजावून सांगितलं की देणारा शांत होतो. एकदा तपासणीत एका आजोबांना नुसता मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं, दिसायला लागलं आणि ते कोर्स सोडून शेतावर गेले. ज्यांनी त्यांच्यासाठी पैसे दिले होते त्यांना कसं सांगायचं म्हणून मी दोन दिवस घालवले, शेवटी जसं घडलं तसं लिहिलं, तर त्यांनी उलट पैसे वाढवून दिले.

आता प्रत्यक्ष पैसे कसे घ्यायचे. केनियात एम-पेसाशिवाय पान हलत नाही, २००७ पासून लोक फोनवरून पैसे पाठवतायत, बँक अकाउंट नंबर दिलात तर अर्धे लोक तिथेच गळतात. पण सेक्रेटरीच्या स्वतःच्या फोन नंबरवर पैसे मागवू नका, कितीही सज्जन माणूस असला तरी. पाठवायच्या आधी स्क्रीनवर नाव येतं, तिथं संस्थेचं नाव दिसलं पाहिजे. एम-पेसाचे दोन प्रकारचे नंबर मिळतात, दुकानदार घेतात तो टिल नंबर आणि दुसरा पेबिल, त्यातला पेबिल घ्या, कारण पेबिलमध्ये अकाउंट नंबर टाकायची जागा असते आणि तिथं तुम्ही लोकांना काहीही लिहायला सांगू शकता. आम्ही काठीसाठी, सिसलसाठी, मशीनसाठी असे तीन वेगळे शब्द ठरवून दिलेत, महिन्याचं स्टेटमेंट काढलं की कशासाठी किती आले ते आपोआप वेगळं होतं, नाहीतर आधी मी रात्री बसून मेसेज चाळायचे. एका व्यवहारात २,५०,००० शिलिंगपर्यंतच जातात, त्याहून मोठं देणारा कुणी भेटला तर त्याच्यासाठी बँकेचा तपशील तयार ठेवा.

इथेच एक आतली गोष्ट. टोपली विकल्याचे पैसे विणणाऱ्याच्या फोनवर जातात, आणि पिन दुसऱ्याला टाकायला सांगावा लागला की संपलं, किती पैसे गायब झाले कळत नाही. म्हणून फोनवरचा स्क्रीन रीडर वापरायला शिकवणं आम्ही कोर्समध्येच घातलं आणि त्यासाठी वेगळी वर्गणी केली. हेडफोनचा खर्चसुद्धा धरा, नाहीतर फोन सगळं मोठ्यानं वाचून दाखवतो.

हरंबे तर तुम्हाला करावंच लागेल. हरंबे म्हणजे शब्दशः सगळ्यांनी मिळून ओढा, थोडक्यात सगळ्यांनी मिळून वर्गणी जमवणं, स्वातंत्र्यापासून शाळा, दवाखाने असेच उभे राहिलेत. पूर्वी मंडप, प्रमुख पाहुणा, माइकवरून आकडा जाहीर, असं असायचं, आता बरंचसं व्हॉट्सअॅप ग्रुपवर चालतं, कुणी पैसे पाठवले की यादीत नाव आणि आकडा चढवून यादी परत टाकायची. यादी रोज ठरलेल्या वेळी टाका, दोन दिवस टाकली नाहीत की ग्रुप मेला. सुरुवातीला कमिटीतल्या माणसांचीच नावं वर असू द्या, आपण पदरमोड केल्याशिवाय दुसऱ्याला सांगायचं तोंड राहत नाही. कबूल केलेले आणि आलेले पैसे वेगळ्या रकान्यात, कारण कबूल करणं म्हणजे बोलाचीच कढी, आम्ही कबुलीच्या जोरावर एकदा मशीनची ऑर्डर दिली आणि दुकानदारापुढे तोंड लपवत फिरलो. पुढाऱ्यांच्या मागे लागू नका, २०२४ च्या तरुणांच्या आंदोलनानंतर राष्ट्रपतींनी सरकारी पदावरच्यांनी हरंबेत पैसे द्यायचे नाहीत असं जाहीर केलंय, आणि तसंही पुढारी आला की कार्यक्रम त्याचा होतो. डबा घेऊन रस्त्यावर किंवा मॉलसमोर उभं राहायचं असेल तर मात्र आधी लायसन्सचं विचारा, पब्लिक कलेक्शन्स अॅक्ट आहे, पोलीस हटकतात आणि बरोबर अंध शिकणारे असतील तर त्यांची उगाच शोभा होते.

वस्तू देणाऱ्यांबद्दल जरा सांभाळून. परदेशातून कुणीतरी मोठ्या मनानं जुनी विणायची मशीन पाठवली, डझनभर. मोंबासा बंदरातून सोडवून आणता आणता आमची वर्गणी संपली, खोकी उघडली तर आत सुया दाबून धरणारी स्पंजची पट्टी असते ती सगळ्या मशीनची कुजून चुरा झालेली, आणि सुयांचा साइज इथे मिळणाऱ्या सुयांशी जुळेना. तीन मशीन मोडून एक चालू केली. तेव्हापासून मी नम्रपणे विचारते, मशीनऐवजी ती पाठवायला लागणाऱ्या भाड्याइतके पैसे देता का. काही लोक रागावतात, रागावू देत.

स्वेटरवरून आठवलं, यात एक चांगली युक्ती आहे. इथे शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, शाळेचे स्वेटर डिसेंबर-जानेवारीत लागतात, पण लोकर ऑक्टोबरमध्ये घ्यावी लागते आणि तेव्हा विणणाऱ्याच्या हातात पैसा नसतो. तर दान देणाऱ्याला सांगायचं की हे पैसे खर्च होणार नाहीत, लोकरीत जातील, फेब्रुवारीत परत येतील आणि पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा लोकरीत. फिरता निधी म्हणा. धंदेवाल्या लोकांना हे फार पटतं, ज्यांनी दानाला कधी दाद दिली नाही त्यांनी लोकरीला दिलीय. तीच माणसं एखाद्या शाळेची ऑर्डरही मिळवून देतात. ऑक्टोबर मागायलाही बरा महिना आहे, १५ तारखेला पांढऱ्या काठीचा दिवस असतो, रेडिओवाले स्वतःच विषय शोधत असतात.

कागदपत्रांचं मी पटकन सांगते, कंटाळवाणं आहे पण त्याशिवाय मोठा पैसा हलत नाही. अगदी छोटा गट असेल तर २०२२ च्या कम्युनिटी ग्रुप्स रजिस्ट्रेशन अॅक्टखाली नोंदवता येतो, संस्था मोठी असेल तर पब्लिक बेनिफिट ऑर्गनायझेशन म्हणून, तो कायदा २०१३ मध्ये पास होऊन मे २०२४ मध्ये लागू झाला, त्यामुळे जुन्या एनजीओवाल्यांनीही आपली नोंदणी कुठे बसते ते तपासून घ्या. दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय कौन्सिल आहे, तिच्याकडून गटांना आणि अवजारांसाठी मदत मिळते, शिकणाऱ्यांची कौन्सिलमध्ये नोंदणी आधी करून घ्या म्हणजे अर्ज अडत नाही. सरकारी खरेदीत ३० टक्के वाटा तरुण, महिला आणि दिव्यांगांच्या उद्योगांसाठी राखीव असतो, तयार झालेल्या कारागिरांनी गट करून तिथं नाव घालावं, ही वर्गणी नाही पण वर्गणीपेक्षा टिकाऊ.

बाहेरच्या देशातून पैसे येणार असतील तर तिथल्या नोंदणीकृत चॅरिटीच्या मार्फत आणा. ब्रिटनमध्ये गिफ्ट एड आहे, तिथं टॅक्स भरणाऱ्यानं १ पाउंड दिला की चॅरिटीला सरकारकडून २५ पेन्स वर मिळतात, फुकटचे सोडायचे कशाला. अंधत्वावर काम करणाऱ्या साइटसेव्हर्ससारख्या मोठ्या संस्थांना मात्र छोट्या सेंटरनं अर्ज करत बसू नये, त्यांचं काम मोठ्या कार्यक्रमांचं असतं. एक गंमत सांगते, ती संस्था १९५० मध्ये जॉन विल्सन यांनी काढली, ते स्वतः अंध होते. आमच्या कमिटीत तेव्हा सातपैकी सात डोळस होतो. एका देणाऱ्यानं नेमकं हेच विचारलं, निर्णय घेणाऱ्यांत अंध किती, आणि मला उत्तर देता आलं नाही. आता तिघं आहेत, आणि खर्चाच्या याद्यांवरून सगळ्यात जास्त भांडण मामाच करतात.

पैसे आल्यावर पावती त्याच दिवशी, आभाराचं लांबलचक पत्र नको. सहा महिन्यांनी शिकणाऱ्यानं स्वतः केलेला एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा, कांबा किंवा स्वाहिलीत बोलला तरी चालेल, खाली अर्थ लिहा. आमच्या एका पोरानं मेसेजमध्ये आभार वगैरे काही मानलेच नाहीत, नुसतं सांगितलं की आईला पहिल्यांदा मी भाडं दिलं मटाटूचं, तिचं आणि माझं. तो मेसेज मी कापला नाही, तसाच सगळ्यांना पाठवला.